उजव्या कोपऱ्यातलं बॅक

परवा संध्याकाळी गंगेवर, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदावरीवर, गेलो होतो. काम असं काही नव्हतं, भाजी घ्यायची होती आणि घरी जायची घाई नव्हती, म्हणून रामकुंडाच्या अलीकडे दुतोंड्या मारुतीपाशी पायऱ्यांवर जरा टेकलो. तिथे एकटा माणूस बसलेला दिसला की एक काम हमखास गळ्यात पडतं, फोटो काढून देण्याचं. शिर्डी, त्र्यंबक करून आलेली कुटुंबं असतात, सगळ्यांना एकत्र यायचं असतं, सेल्फीत मारुती मावत नाही, मग जो मोकळा दिसेल त्याच्या हातात फोन. मला पण दिला एका साठीच्या बाईंनी, ‘भैया, जरा एक फोटो’. दोन काढले, मग फोन आडवा केला आणि तिसरा काढताना अंगठा कोपऱ्यातल्या त्या छोट्या गोल फोटोवर पडला, गॅलरी उघडली. होतं असं. परत कॅमेऱ्यात यायला मी उजव्या कडेवरून अंगठा आत ओढला, तर मागे जायच्या ऐवजी फोटोच सरकला, आधीचा आला. पुन्हा ओढला, त्याच्या आधीचा. मारुतीवाले दोन संपले, मग आधार कार्डाची पुढची बाजू, मग मागची, मग कुठल्या तरी दवाखान्याचा रिपोर्ट, आणि मग हार घातलेला एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोटो, पुढे समई. तोवर बाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. काही बोलल्या नाहीत. नुसता हात पुढे केला, स्क्रीनच्या तळाशी त्रिकोण होता तो दाबला, कॅमेरा आला, आणि त्या परत जाऊन मुलाबाळांत उभ्या राहिल्या.

त्रिकोण तिथेच होता. सगळा वेळ.

आता हे मनाला लावून घेण्याएवढं मोठं नाही, बायको पण तेच म्हणाली, फोटो काढलास ना शेवटी, झालं तर मग. पण मला ते खटकत राहिलं, कारण मागे नेणाऱ्या त्या बॅक बटणाच्या नावानं मी गेले कित्येक महिने ज्याला त्याला पकडून रडगाणं गात होतो. झालं असं होतं की माझा फोन पडला, कंपनीतच, शॉप फ्लोअरवर, खिशातून टेस्टर काढताना. काच फुटली नाही, साधा ओरखडा नाही, मी खूश. मग हळूहळू लक्षात आलं की उजवीकडचा खालचा कोपरा, अंगठ्याच्या पेराएवढा, टचच घेत नाही. आणि माझ्या फोनात बॅक नेमकं तिथे. दिवसातून किती वेळा आपण बॅक दाबतो हे ते बंद पडल्याशिवाय कळत नाही, सारखंच दाबत असतो हो. बटणांची अदलाबदल करायची सोय सेटिंगमध्ये असते, ती पण करून बघितली, बॅक डावीकडे आणलं. पण मग उघडी अ‍ॅप दाखवणारं बटण मेलेल्या कोपऱ्यात गेलं, आणि शिवाय अंगठा काही ऐकेना, तो आपला जुन्या जागी जाऊन टकटक करत बसायचा.

शेवटी शनिवारी सुट्टी बघून एमजी रोडला गेलो. मेहेर सिग्नलकडून चालत निघालात तर दहा पावलांत चार पोरं विचारतात, सर कव्हर, सर ग्लास, सर एक्स्चेंज. त्यातल्या एका गाळ्यात एक पोरगा बसला होता, विशीचा असेल नसेल, त्यानं फोन हातात घेऊन कोपऱ्यावर नखानं दोनदा वाजवलं आणि निकाल दिला. म्हणाला डिस्प्ले बदलावा लागेल, फोनच्या निम्मे पैसे जातील, कशाला उगाच, जेश्चर लावा ना. मी म्हटलं मला बटणं लागतात. तो म्हणाला, ‘सर, बटणं आता कोण वापरतं?’ आणि माझ्या उत्तराची वाट न बघता डिस्प्ले, नेव्हिगेशन बार, स्वाइप जेश्चर असं टकाटक करून फोन परत दिला. खालची पट्टी गेली होती, जागेवर एक बारीकशी आडवी रेघ. त्याचे पैसे घेतले नाहीत पण एक जाड कव्हर मात्र गळ्यात मारलं, त्याचा त्रास पुढे झालाच. ते वाक्य त्यानं माझ्या कानावरचे पांढरे केस बघून टाकलं असा माझा अजूनही संशय आहे.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले, खोटं कशाला बोलू. खालून वर सरकवलं की होम, हे पटकन जमलं. वर नेऊन जरा थांबलं की उघडी असलेली सगळी अ‍ॅप, हे पण जमलं. गाडी अडली ती बॅकवर. कडेवरून आत ओढलं की मागे जायचं, डावीकडून ओढा नाहीतर उजवीकडून, कुठल्याही उंचीवर. म्हणजे आधी मागे जायला एक जागा होती आणि आता सगळी कडच मागे जायची जागा झाली. फोटो क्रॉप करायला घ्यावा तर चौकट अगदी काठावर असते, ती आत ओढायला बोट ठेवलं की फोन म्हणतो मागे जायचंय का, बरं, आणि केलेलं सगळं पुसून बाहेर. लाइट बिल भरताना ग्राहक क्रमांक, रक्कम, सगळं टाकून झालं आणि फोन दुसऱ्या हातात घेताना तळवा काठाला घासला की फॉर्म गायब. काही अ‍ॅपमध्ये मेनू डावीकडून ओढून काढायचा असतो, तो काढायला जावं तर अ‍ॅपच्या बाहेर. आणि त्या जाड कव्हरची कड वर आलेली, त्यामुळे अंगठा काठापर्यंत पोचतच नाही, जेव्हा खरंच मागे जायचंय तेव्हा तो स्क्रीनवर नुसताच घसरतो. लेक नववीत आहे, ती बघायची आणि म्हणायची, ‘बाबा तुम्ही फोन पुसताय का वापरताय?’ कव्हर बदललं. सेटिंगमध्ये बॅकची सेन्सिटिव्हिटी कमीजास्त करायला एक स्लायडर असतो, तोही रोज हलवायचो, आज कमी, उद्या जास्त. हळूहळू अंगठ्याला कळलं, मला कळायच्या आधी.

मग आपला स्वभाव, हे असं का केलंय म्हणून वाचत बसलो रात्री. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅप बनवणाऱ्याला सांगता येतं की बाबा कडेचा एवढा भाग माझ्याकडे राहू दे, इथे ओढलं तर मागे जाऊ नकोस, मला काम आहे. पण मागून मागून किती मागता येतं, तर प्रत्येक कडेला फक्त २०० डीपी उंचीचा पट्टा. डीपी हे स्क्रीनवरचं माप, १६० डीपीचा एक इंच धरतात, म्हणजे साधारण सव्वा इंच. त्याच्या वर कितीही मागितलं तरी सिस्टीम देत नाही. कारण उघड आहे, पूर्ण कड दिली तर उद्या एखादं अ‍ॅप बाहेर जायची वाटच बुजवून ठेवेल आणि माणूस आत अडकेल. हे वाचलं आणि मला एकदम बरं वाटलं, कारण हा आमच्या धंद्यातला नियम आहे. मी अंबडला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, इलेक्ट्रिकल. मशीनवर पिवळ्या गोलात लाल मशरूम बटण असतं ना, इमर्जन्सी, ते मशीनच्या प्रोग्रॅमला विचारून काम करत नाही. प्रोग्रॅम काही का म्हणेना, ते दाबलं की थांबलं. आणि फिरवून सोडवलं तरी मशीन आपोआप चालू होत नाही, स्टार्ट वेगळं द्यावं लागतं. बाहेर पडायची वाट कुणाच्या ताब्यात नसावी, एवढीच भानगड. ती फोनवाल्यांनीही पाळलीय, फक्त लाल रंग आणि बटण काढून घेतलं.

तसं हे सरकवणं काही नवीन खूळ नाही. पाम नावाच्या कंपनीनं २००९ मध्ये प्री म्हणून फोन काढला होता, त्यात स्क्रीनखालच्या पट्टीवर बोट डावीकडे ओढलं की मागे जायचं. २०११ ला नोकियाचा एन९ आला, पुढच्या बाजूला एकही बटण नाही, कडेवरून ओढलं की अ‍ॅपच्या बाहेर. २०१३ ला ब्लॅकबेरीनं झेड१० मध्ये खालून वर सरकवायला लावलं. तिघंही पुढे आपापल्या कारणानं बसले. मग २०१७ ला आयफोन टेननं होम बटण काढलं आणि सगळ्या जगाला ते एकदम सुचल्यासारखं झालं. गंमत पुढे आहे. पामच्या इंटरफेसचं डिझाइन ज्याच्याकडे होतं त्या मातियास दुआर्तेला गुगलनं २०१० मध्ये घेतलं, आणि अँड्रॉइडमध्ये स्क्रीनवरची बटणं आली ती त्याच्याच हाताखाली, २०११ ला. सरकवणं ज्याला पुरतं माहीत होतं त्यानंच आपल्याला बटणं दिली. त्यानंतर २०१८ च्या अँड्रॉइड ९ मध्ये तळाशी ती एक गोळीच्या आकाराची खूण आली होती, आठवतंय का, अर्धं बटण आणि अर्धं सरकवणं, कुणालाच आवडली नाही, आणि २०१९ च्या अँड्रॉइड १० मध्ये मग पूर्णच सरकवणं. बटणं मात्र काढून टाकली नाहीत, सेटिंगमध्ये आत कुठेतरी ठेवून दिली, अजून आहेत.

आणि ज्यांच्यासाठी मी रडत होतो ती बटणं तरी कुठे होती? २००८ चा पहिला अँड्रॉइड फोन, एचटीसीचा, त्याला दाबली जाणारी खरी बटणं होती. माझ्या फोनात होती ती बटणांची चित्रं. त्यांच्याखाली ना स्प्रिंग, ना कॉन्टॅक्ट, काचेच्या बाकीच्या भागात आणि त्या भागात काडीचा फरक नाही. हे मला, पुश बटणाचे घाणेरडे झालेले कॉन्टॅक्ट पॉलिश पेपरनं घासून ज्याची उमेद गेली त्याला, आधी कळायला हवं होतं. आमच्याकडे पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, ऑपरेटरच्या डाव्या आणि उजव्या हाताला, मुद्दाम लांब लांब. दोन्ही एकदम, अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली तरच रॅम, म्हणजे प्रेसचा वरून खाली येणारा जड ठोकळा, खाली येतो, म्हणजे तो येतो तेव्हा दोन्ही हात बाहेरच असतात. पूर्वी काही जण एक बटण चिकटपट्टी लावून दाबून ठेवायचे आणि एका हातानं माल घालत बसायचे, काम उरकायला. आता तसं केलं तर सर्किट चालतच नाही, दर स्ट्रोकला दोन्ही बटणं सोडावीच लागतात. अशा प्रेसवर जुना ऑपरेटर काम करताना बघत राहावं. बटणाकडे बघत नाही, तळव्याच्या बुडानं दोन्हीकडे एकदम मारतो, आवाज होतो, पुढचा तुकडा. त्याला बटण दिसायची गरजच नाही. बटणाखाली पत्र्यावर कुणीतरी ऑइल पेंटनं ‘चालू’ लिहून ठेवलंय, ते त्यानं शेवटचं कधी वाचलं असेल देव जाणे.

पण ते पुसट झालं की आम्ही परत रंगवतो. आयटीआयची नवीन पोरं येतात दरवर्षी.

खरं सांगायचं तर आता मला जेश्चर आवडायला लागलंय, हीच पंचाईत आहे. सकाळी सिटीलिंकमध्ये उभं राहून एक हात वरच्या दांडीला, दुसऱ्यात फोन, अंगठा जिथे असेल तिथूनच मागे जाता येतं, तो वाकवून तळापर्यंत न्यायला लागत नाही. द्वारका चौकात बस अडकली की पाऊण तास काढायचा असतो (अतिशयोक्ती आहे, पण नाशिककर समजून घेतील), त्यात हा फरक अंगठ्याच्या सांध्याला कळतो. खालच्या रेघेवरून बोट आडवं नेलं की एका अ‍ॅपमधून दुसऱ्यात, मॅपमधून व्हॉट्सअ‍ॅप, व्हॉट्सअ‍ॅपमधून परत मॅप, हे तर बटणात एवढं सहज नव्हतंच. आणि मागे जाताना काठावर जो छोटा बाण उमटतो आणि हाताला बारीकशी थरथर लागते, ती कुठल्या तरी मोटरची खोटी थरथर आहे हे माहीत असून बरी वाटते. नवीन अँड्रॉइडमध्ये तर हळू ओढलं की आपण कुठे परत जाणार आहोत ते आधी डोकावून दाखवतो, नको असेल तर बोट परत न्या, सगळ्या अ‍ॅपना अजून नाही येत ते. एकदा हे अंगवळणी पडलं की दुसऱ्याचा बटणवाला फोन हातात घेतला की तोच बिघडलेला वाटतो. अंगठा ओढतोय, आणि काही होत नाहीये. डोळे खाली जातच नाहीत. मारुतीपाशी तेच झालं.

आईकडे पण हेच व्हायचं. आई पंचवटीत, हिरावाडीत राहते, मी इंदिरानगरला. तिला स्मार्टफोन घेऊन दिला तेव्हा चालू करतानाच मी विचार करून बटणं ठेवली होती. तिनं त्यांना पहिल्याच दिवशी नावं ठेवली, त्रिकोण म्हणजे समोसा, गोल तो पेढा आणि चौकोन ती बर्फी. मग आमची सगळी दुरुस्ती फोनवर, म्हणजे तिच्याच फोनवर, स्पीकर लावून. ‘आई, आता काय दिसतंय?’ ‘काहीतरी निळं आलंय रे.’ ‘समोसा दाब.’ ‘दाबला.’ ‘गेलं?’ ‘गेलं, पण आता दुसरंच आलं.’ ‘परत समोसा.’ असं करत करत पेढ्यापर्यंत आलो की सुटलो. मी कंपनीत पॅनलपुढे उभा, कानात तिचा आवाज, आणि आजूबाजूची पोरं ऐकतायत की साहेब सारखे समोसा समोसा काय करतायत. हिरावाडीला न जाता, तिचा फोन न बघता, मला ती कुठे अडकलीय तिथून बाहेर काढता येत होतं, कारण तिच्यापुढे तीन चित्रं होती आणि त्यांना नावं होती. कडेवरून आत ओढ हे मी तिला कसं सांगणार होतो? किती आत, किती जोरात, कुठल्या बोटानं? त्यात तिची बोटं कोरडी पडलेली, आयुष्यभर भांडी आणि धुणं, रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा उठत नाही, तिथला माणूस म्हणतो आजी हात धुऊन या, पुसून या, दुसरं बोट लावा. ती बोटं काचेवर ओढून फोनला समजेल की नाही याचीच मला शंका.

तर गंगेवरून येताना, द्वारकेच्या गर्दीत गाडी बंद करून उभा असताना, माझ्या डोक्यात ते चक्र फिरत होतं. बाईंचा फोन हा बटणवाला होता म्हणून त्या मला एका बोटात सोडवू शकल्या. माझा फोन त्यांच्या हातात असता, आणि त्या अशाच अडकल्या असत्या, तर त्यांना तळाशी एक रेघ दिसली असती, बस. म्हणजे मालकाला बटण लागत नाही, आमच्या प्रेसवाल्या ऑपरेटरला लागत नाही तसंच. बटण दुसऱ्यासाठी असतं, ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी, आयटीआयच्या पोरासाठी, फोटो काढून देणाऱ्यासाठी, हिरावाडीतल्या आईसाठी. आणि मी जेश्चर शिकून स्वतःचा अंगठा सोडवून घेतला पण माझा फोन आता परक्या माणसाच्या हातात दिला तर त्याला त्यातनं वाट दिसत नाही. मला हा विचार फार पटला, एवढा की दुसऱ्या दिवशी कंपनीत बोललोसुद्धा. नवीन मशीनचं कोटेशन आलंय, त्यात सगळं टचवर, सायकल स्टार्ट पण स्क्रीनवर, इमर्जन्सी तेवढी खरी. मी शेऱ्यात लिहिलं की स्टार्ट, स्टॉप, रीसेट ही बटणं पॅनलवर वेगळी द्यावीत, ऑपरेटरच्या हातात ग्लोव्ह असतो आणि ग्लोव्हला तेल असतं. प्लँट हेड म्हणाले, वीस वर्षं मागे चाललाय का? मी म्हटलं सर, मागे जायला तरी बटण ठेवा. हसले. सही अजून केलेली नाही.

एवढं सगळं पक्कं ठरवून मी रविवारी आईकडे गेलो तर तिच्या फोनची खालची पट्टी गायब.

‘हे कुणी केलं?’ म्हटलं. म्हणाली, तुझ्या लेकीनं, मीच सांगितलं. तिच्या भजनी मंडळाचा ग्रुप आहे, त्यावर अभंगाचे फोटो येतात, अख्खं पान, आणि तिला ते मोठं करून वाचावं लागतं, तर खालची शेवटची ओळ त्या काळ्या पट्टीमागे जायची. ‘समोश्यापायी माझं शेवटचं चरण जातं,’ असं तिनं नातीला सांगितलं आणि नातीनं दोन मिनिटांत पट्टी काढून दिली. मला कुणी विचारलंही नाही. मी तिला करून दाखव म्हटलं. अंगठा नाही, उजव्या हाताची तर्जनी घेतली, टोकाला जरा फुंकर मारली, तळाशी ठेवली आणि इतक्या सावकाश वर नेली की होम यायच्या ऐवजी दर वेळी उघडी अ‍ॅपच येतात, हळू नेऊन थांबलं की तसंच होतं. मी म्हटलं आई, झटकन ने, मग पेढा येईल, म्हणजे तो जो पेढा होता तो. तर म्हणाली, नको, मला हेच आवडतं, काय काय उघडं टाकलंय ते सगळं मांडलेलं दिसतं, त्यातलं हवं ते घेते. आणि मागे जायला? कडेवरून तर्जनी आत ओढली, एकदा नाही घेतलं, दुसऱ्यांदा घेतलं, तिला काही फरक पडला नाही. रेशनच्या मशीनपुढे बोट बदलत उभं राहायची सवय असलेल्या माणसाला दुसऱ्यांदा ओढण्याचं काय एवढं. रात्री झोपण्याआधी एकेक अ‍ॅप वर ढकलून बंद करते म्हणाली, सगळी बंद करायचं एक बटण असतं ते नातीनं दाखवलंय, पण ते ती वापरत नाही, तिला एकेक ढकलायचं असतं. तशी बॅटरीला त्याची गरज नसते हे मी सांगायला गेलो, ऐकून घेतलं.

मी तिथे असतानाच मंडळातल्या एका काकूंचा फोन आला. त्यांच्या स्क्रीनवर काहीतरी आलं होतं आणि जात नव्हतं. आई त्यांना सांगायला लागली, अगं कडेवरून बोट आत ओढ, हळूच, नाही? मग खाली त्रिकोण आहे का बघ, माझ्याकडे नाही बाई आता, मी काढून टाकले ते. थांब, हा आलाय, याला देते. मी फोन घेतला आणि जुन्या सवयीनं म्हटलं, ‘काकू, खाली तीन चित्रं दिसतात ना, त्यातला समोसा दाबा.’ काकू म्हणाल्या, ‘समोसा? इथे तीन उभ्या रेघा आहेत, मधे चौकोन आहे आणि एक बाण आहे.’

आई मागून म्हणाली, ‘तिच्याकडे समोसा नसतो रे, तिचा दुसऱ्या कंपनीचा आहे. बाण कुठे आहे विचार, उजवीकडे ना? इकडे दे तू.’